बोरिंगवाल्या देवाजीची नात शिबिराला जाते

गोरेगाव तालुक्यात त्याला देवाजी या नावानं ओळखणारे थोडे. पण बोरिंगवाला म्हटलं की धानाच्या बांधीत वाकलेला माणूसही कंबर सरळ करून त्याच्या घराची वाट दाखवतो. पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्तीच्या गाडीवर त्याची सारी नोकरी गेली. बोरिंग बंद पडली की गावातल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन त्या गाडीची वाट पाहत बसायच्या. देवाजी उतरायचा, दांडा हळूच वर-खाली करायचा, कान लावायचा आणि आत काय बिघडलं ते ओळखायचा. कुठं साखळी तुटलेली, कुठं सळाख निसटलेली, कुठं चामड्याचं वायसर, म्हणजे वॉशर, झिजून गेलेलं. पाइप वर ओढून, दुखणं काढून, सारं पुन्हा जमिनीच्या पोटात सोडलं की पाणी यायचं. आधी गढूळ, मग पांढुरकं, मग आरशासारखं. पहिली ओंजळ देवाजी प्यायचा आणि बायकांकडे पाहून मान हलवायचा. ज्या गावांत त्याच्या आज्याला विहिरीच्या पायरीवर चढू दिलं नव्हतं, त्याच गावांत पाणी आलं असं सांगायचा मान त्याचा होता. तो हे कधी बोलून दाखवत नसे. पण ओंजळ पिताना त्याची पाठ ताठ व्हायची, हे पाहणाऱ्यांनी पाहिलं आहे.

नोकरी सुटल्यावर त्याला वाटलं, आता पाण्याचं काम संपलं. ते संपलं नाही, कारण घरात समीक्षा होती.

समीक्षा त्याच्या मुलाची, राजदीपची पोरगी. राजदीप नागपूरकडे कारखान्यात कामाला. सून चेतना आणि नात इथं गावात, देवाजी आणि त्याची बायको अन्नपूर्णा यांच्याजवळ. पोरगी नुकती चालायला लागली होती तेव्हा एका सकाळी तिचे हातपाय सुजले. रडून रडून आवाज बसला. गोंदियाच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सिकलसेल सांगितलं. या मुलखात ते नाव नवं नाही. कितीतरी घरांत ते आहे, आणि ज्या घरात आहे त्या घरात झाकून ठेवलेलं आहे. डॉक्टर म्हणाले, रोजची गोळी चुकवू नका. पोरीला फार तापू देऊ नका, गारठू देऊ नका, दमू देऊ नका. आणि पाणी पाजत राहा.

पाणी म्हटल्यावर देवाजीनं ते काम दुसऱ्या कुणाकडे जाऊच दिलं नाही. लाल दोरी बांधलेली बाटली पोरीच्या गळ्यात आली ती कायमची.

"पानी पेलीस का वो?"

"पेली, आबाजी."

"कवा?"

"आत्ताच तं पेली."

"मंग अजून पे."

शेजारची खुशबू तिला टाकी म्हणायची. समीक्षा हसून घ्यायची. ती जरा सडपातळ होती, डोळ्यांत हळदीची छटा होती, बाकी साऱ्या पोरींसारखीच. गावाला एवढंच माहीत होतं की बोरिंगवाल्याची नात नाजूक आहे. आणि समीक्षाला एवढंच सांगितलं होतं की तुझं रक्त पातळ आहे. ही अन्नपूर्णेची शिस्त होती. "एकदा नाव बाहेर गेलं का ते परत घरात येत नाही," ती म्हणायची. "उद्या पोरीचं लगन करायचं हाये आपल्याले." दवाखान्याचं कार्ड तिच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली होतं.

मागच्या हिवाळ्यात शाळेची सहल गेली. चेतनानं पोरीला पाठवलं नाही. समीक्षा सकाळी एसटी सुटायच्या वेळी फाट्यावर जाऊन उभी राहिली आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिली. देवाजी तिला आणायला गेला होता. ती गाडीकडे पाहत म्हणाली, "आबाजी, मी कोठीच नाही गेली." एवढंच. पण बंद पडलेल्या बोरिंगचा दांडा हलवल्यावर आतून जसा पोकळ आवाज येतो तसं ते वाक्य देवाजीच्या कानात राहिलं.

म्हणून उन्हाळा लागला आणि खुशबू शिबिराला जाणार असं कळलं तेव्हा देवाजीनं जेवता जेवता सांगून टाकलं, "आपली समीक्षाबी जाईन."

चेतनाच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला. "कोठी जाईन, मामाजी? कोन पाहीन तिच्याकडे? पाय दुखून आले मंग?"

"चांगलं शिबिर पाहून पाठवू. मी स्वतः जाऊन पाहतो."

"पाहा," अन्नपूर्णा म्हणाली. "पन त्या गोष्टीचं कोठी बोलू नोका."

समीक्षा ताटाकडे पाहत होती. पण तिची जेवायची गती एकदम वाढली होती.

पहिल्यांदा देवाजी गोंदियाजवळच्या कुडव्याला गेला, खुशबूचं नाव घातलं होतं तिथं. मोपेडवर उन्हाचा तडाखा सोसत पोचला. रस्त्यावर मोठा फलक, मंगल कार्यालयाचा हॉल, दारात रंगीत फुगे. शिबिर चालवणारे रोशनसर तरणे, हसरे, टापटीप. खुर्ची दिली, थंड पाणी दिलं. देवाजीला माणूस वाईट वाटला नाही.

"देखो अंकलजी, सुबह योगा, फिर स्केटिंग, फिर स्विमिंग. बच्ची एकदम बिनधास्त हो जाएगी."

"पोहणं सकाळीच असते का?"

"हां, एकदम ठंडा पानी. बच्चे पागल हो जाते हैं!"

"आन् मधात तहान लागली तं?"

"ब्रेक होता है ना. बीच में सब उठने लगे तो डिसिप्लिन कहां रहेगा?" रोशनसर हसले. "अंकलजी, आप टेन्शन मत लो. सब हो जाएगा."

देवाजीनं आणखी काय काय विचारलं. दुपारी पोरं कुठं असतात, कुणाचं पोट दुखलं तर कोण बघतं. प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर आलं, सब हो जाएगा. दांडा हलवायच्या आधीच पाणी येईल म्हणणाऱ्यावर देवाजीचा जन्मात विश्वास बसला नव्हता. त्यानं जय भीम घातला आणि उठला. खुशबूसारख्या धडधाकट पोरीसाठी ती जागा छान होती. समीक्षासाठी नव्हती.

दुसरं शिबिर अन्नपूर्णेच्या मनातलं होतं. नाल्यापलीकडच्या गावातल्या बुद्धविहारात दर उन्हाळ्यात पोरापोरींचं शिबिर भरतं. पोरं पांढरे कपडे घालतात, अष्टशील घेतात, पहाटे उठतात, वंदना शिकतात. पांढऱ्या कपड्यातली समीक्षा अन्नपूर्णेनं कितीदा तरी मनात पाहिली होती. देवाजीलाही ती जागा आपली वाटत होती. लहानपणी तो स्वतः त्याच विहाराच्या मातीच्या ओट्यावर बसून वाचायला शिकला होता.

तो पोचला तेव्हा वंदना चालू होती. तो मागं बसला, हात जोडले, सगळ्यांबरोबर पंचशील म्हटलं. मग भंतेजींजवळ जाऊन नातीची गोष्ट काढली. भंतेजी सडसडीत, मितभाषी. त्यांनी सारं नीट ऐकलं.

"पहाटे थंड पाण्यानं अंघोळ असते, उपासक. बाराच्या नंतर जेवण नाही. मुलगी धडधाकट आहे ना? सोसेल ना तिला?"

"हो, भंतेजी. एकदम धडधाकट हाये."

शब्द तोंडातून गेले. भंतेजींनी मान हलवली. समोर तथागतांची मूर्ती होती, उदबत्तीचा धूर अजून हवेत तरंगत होता, आणि खोटं बोलणार नाही हे चौथं शील देवाजीनं नुकतंच, त्याच सतरंजीवर बसून, मोठ्यानं म्हटलेलं होतं.

तो बाहेर आला. मोपेड चालू केली. नाल्याच्या पुलापर्यंत गेला आणि थांबला. नाल्यात पाणी नव्हतं, नुसती वाळू तापत होती. त्याला आठवलं, लोक विचारायचे, बोरिंग कधी चालू होईल, आणि साहेब सांगायचे, आज होईल म्हणून सांग. देवाजी कधी तसं म्हणाला नाही. ज्या दिवशी व्हायची नाही त्या दिवशी होणार नाही असंच म्हणाला. शिव्या खाल्ल्या, पण खोटं बोलला नाही. आणि आज नातीसाठी, जिला त्या खोट्यापायी पहाटे थंड पाणी अंगावर घ्यावं लागलं असतं आणि उपाशी झोपावं लागलं असतं, तिच्याचसाठी तो विहारात खोटं बोलून आला होता.

त्यानं मोपेड वळवली.

भंतेजी अंगण झाडत होते. देवाजीनं वाकून वंदन केलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "भंतेजी, मी खोटं बोललो. पोरीले सिकलसेल हाये. बुढी म्हनते सांगू नोका. मीबी नाही सांगतलं."

भंतेजींनी झाडू भिंतीला टेकवला. रागावले नाहीत. मडक्यातलं पाणी आणून दिलं.

"मग या वर्षी इथं नको," ते म्हणाले. "आमचे नियम तिच्या अंगाला झेपायचे नाहीत, आणि एकटीसाठी नियम मोडला तर तिलाच अवघड वाटेल. मोठी झाली की येईल. दरेकशाला एक भूमेश्वरीबाई आहेत. आश्रमशाळेत अधीक्षिका होत्या. जन्मभर पोरी सांभाळल्या त्यांनी. उन्हाळ्यात तिथं शिबिर घेतात. त्यांच्याकडे जा." मग जरा हसले. "आणि तिथं खरं आधी सांगा. परत फिरायला दरेकसा लांब पडेल."

गोंदियाहून लोकलनं देवाजी दरेकशाला उतरला. छोटंसं स्टेशन, आजूबाजूला डोंगर, सागाची पानं गळून गेलेली, पण नाल्याच्या कडेला जांभळाची आणि आंब्याची गर्द सावली. तेंदूपत्त्याची गाठोडी डोक्यावर घेऊन बाया जंगलातून उतरत होत्या. शिबिराची इमारत बैठी, कौलारू. अंगणात बोरिंग. एक बाई दांडा मारत होत्या, मारत होत्या, तेव्हा कुठं पाणी आलं. त्याच भूमेश्वरीबाई होत्या.

"वायसर गेलं हाये," देवाजीच्या तोंडून निघून गेलं.

"कोनाचं?" बाईंनी वळून पाहिलं.

"बोरिंगचं."

"वायसरचं मंग पाहू, भाऊ. तुमी कोन?"

देवाजी अंगणातल्या खाटेवर बसला आणि नमस्काराच्याही आधी सारं सांगून बसला. भूमेश्वरीबाईंनी डोक्यावरचा पदर मागं केला आणि विचारू लागल्या. कोणता सांधा जास्त दुखतो? गोळी सकाळी घेते की रात्री? शेवटचा दवाखाना कधी झाला? ताप आला की उतरतो का लवकर? त्यांनी हेही सांगितलं की दुपारी ऊन असेपर्यंत एकही पोर बाहेर नसतं, जंगलात फिरणं सकाळी आणि उन्हं कलल्यावर, बाहेर जीप उभी असते आणि सालेकशाचा दवाखाना जवळ आहे. मग विचारलं, "पोरीले आवडते काय?"

देवाजी गोंधळला. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. सगळे विचारायचे ते दुखतं काय.

"चित्रं काढते," तो म्हणाला. "पाखरायची. आन् बोलत नाही जास्त. पन नकला मस्त करते."

"कोनाच्या?"

"माह्याच," देवाजी म्हणाला, आणि बाई खळखळून हसल्या.

मग त्यांनी शेवटचं विचारलं. "पोरीले ठावूक हाये का, तिले काय झालं ते?"

देवाजी जांभळीकडे पाहू लागला. "रक्त पातळ हाये म्हनून सांगतलं."

"मंग तिले सांगा आन् आना," बाई सरळ म्हणाल्या. "पाय दुखायले लागला तं थे मले सांगीन काय? लपवाचं घरातच शिकली असन तं इथंबी लपवीन. मी तिच्या पोटात शिरून थोडीच पाहू शकतो? सांगा, मंग खुशाल धाडा. नाही सांगाचं असन तं नोका धाडू, भाऊ. माहा जीव लागून राहीन."

परतीच्या गाडीत देवाजी खिडकीशी बसून राहिला. शिबिर सापडलं होतं. आता घरचा दांडा हलवायचा होता, आणि तो सगळ्यात जड होता.

घरी त्यानं सांगितलं तशी अन्नपूर्णा उसळली. "म्हनजे आता गावभर डफडं वाजवाचं का? लेकराच्या मनाले काय वाटन? रात्रंदिवस तेच घेऊन बसन थे!"

"आई," चेतना म्हणाली. ती सासूपुढे फारसं बोलत नसे. "मीबी भेतो. पन आपुन नसलो तं तिनं कोनाले काय सांगाचं? नावच नाही तिच्याजवळ."

अन्नपूर्णेनं पदराला डोळे पुसले आणि चुलीजवळ जाऊन बसली. नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. देवाजीनं ते हो धरलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर त्यानं समीक्षाला ओसरीवर बोलावलं. जुन्या हत्यारांच्या पिशवीतून पाइपाचा तुकडा काढला, चामड्याची चांगली गोल वायसरं काढली आणि एक वाकडं झालेलं काढलं. हे सारं कसं सांगायचं ते त्यानं सकाळपासून जुळवून ठेवलं होतं.

"हे पाय," तो म्हणाला. "हे गोल हाये. पाइपातून कसं सरकते? आन् हे वाकडं. हे अटकते. मानसाच्या रक्तात असेच बारीक बारीक गोल दाने असतात. तुह्यात काय होते का..." इथं त्यानं वाकडं वायसर वर धरलं. "कधी कधी थे इळ्यासारखे वाकडे होतात. मंग अटकतात. मंग दुखते. पानी पेलं का थे मोकळे राहतात. त्याले म्हनतात..."

"सिकलसेल," समीक्षा म्हणाली.

देवाजीच्या हातातलं वायसर खाली पडलं.

"मले माहीत हाये, आबाजी. शाळेत रक्त तपासाले आले होते तवा नर्सबाईनं सांगतलं. चित्रबी दाखवलं. तुमच्यापेक्षा चांगलं होतं."

"मंग तू आमाले काऊन नाही बोललीस वो?"

"तुमी कोनीच बोलत नव्हते." ती वायसर उचलून बोटात फिरवू लागली. "मले वाटलं, आजीले माहीत नसन. सांगतलं तं रडन."

आत चुलीजवळ भांडं आपटल्याचा आवाज झाला. अन्नपूर्णा दारात आली. रडत होती आणि हसतही होती. "अवं माय वो! मी तुह्यापासून लपवू राहिली, आन् तू माह्यापासून!" तिनं पोरीला ओढून छातीशी धरलं. मग घरात गेली, पेटी उघडली, लुगडी बाजूला केली आणि दवाखान्याचं कार्ड आणून समीक्षाच्या हातात दिलं. "हे घे. आपल्या थैलीत ठेव. दरेकशाच्या बाईले दाखवजो."

देवाजी ओसरीवर बसून राहिला. इतकी वर्षं चार माणसं एका घरात राहून एकाच गोष्टीवर झाकण ठेवत होती आणि मोठ्यांना वाटत होतं पोरीला ठाऊक नाही, पोरीला वाटत होतं आजीला ठाऊक नाही. त्याला हसू येऊ लागलं, आणि ते आवरेना.

शिबिराला सोडायला तो गेला तेव्हा पोरीची थैली एका खांद्यावर आणि हत्यारांची पिशवी दुसऱ्या खांद्यावर होती. भूमेश्वरीबाईंनी कार्ड पाहिलं, समीक्षाशी स्वतंत्र बसून बोलल्या, गोळ्या कुठं ठेवायच्या ते दोघींनी मिळून ठरवलं. तोवर देवाजीनं गावातल्या दोन गड्यांना हाताशी घेऊन बोरिंग उघडली आणि वायसर बदललं. पाणी पहिल्याच दांड्यात आलं. पहिली ओंजळ त्यानं समीक्षापुढे धरली. ती प्यायली, आणि त्याच्यासारखीच पाठ ताठ करून, सगळ्या पोरींकडे गंभीरपणे पाहत मान हलवली. पोरी हसल्या. भूमेश्वरीबाईंनी देवाजीकडे पाहिलं. नकला खरंच मस्त करत होती.

मग घर सुनं झालं. चेतना भात जास्त टाकायची आणि उरायचा. देवाजीच्या तोंडून पानी पेलीस का निघायचं आणि समोर कोंबडी असायची.

आणि एका संध्याकाळी दरेकशाहून फोन आला. चेतनानं उचलला आणि तिचा चेहरा उतरला. "पाय दुखला म्हनतात," ती एवढंच म्हणाली. देवाजी पायात चपला घालू लागला. अन्नपूर्णा भिंतीला धरून उभी राहिली. चेतनानं फोन मोठ्या आवाजावर केला. पलीकडे समीक्षा होती.

"आबाजी, चपला घालू राहिले असान तं काढा."

देवाजी जागेवर थांबला.

"सकाळी मी जास्त चालली. दुपारी गुडघा दुखायले लागला. मी लगेच बाईले सांगतलं. बाईनं गोळी देली, पाय शेकला, पानी पाजलं. मी झोपून होती. आता बरं हाये. बाई म्हनतात, वाढलं असतं तं जीपनं नेलं असतं."

"पाय आता..."

"बरा हाये म्हनून सांगतलं ना. आन् मले न्यायले येऊ नोका. उद्या पाखरं पाहाले जाचं हाये." मग थोडं थांबून, हळू आवाजात, "आबाजी, इथं अजून एक पोरगी हाये माह्यासारखी. थे कोनाले सांगत नव्हती. मी बाईले सांगतलं तवा थेबी बोलली."

फोन बंद झाला, तरी देवाजी चपलांतच उभा होता. मग अन्नपूर्णा म्हणाली, "चपला काढा अवो. पोरीनं सांगतलं ना." आणि तिघंही हसले. त्या दिवशी भात उरला नाही.

शिबिर संपल्यावर देवाजी तिला आणायला गेला. समीक्षा उन्हानं थोडी काळवंडली होती आणि डोळे लखलखत होते. वहीभर पाखरं होती. स्टेशनवर डोळ्यांत तशीच हळदीची छटा असलेली एक बारकी पोरगी तिला सोडायला भूमेश्वरीबाईंचा हात धरून आली होती. गाडी हलली तेव्हा दोघी एकमेकींकडे हात हलवत राहिल्या. या वेळी समीक्षा आत होती, आणि हात हलवणारं दुसरं कुणीतरी बाहेर होतं.

गाडीत ती बोलायला लागली ती थांबेना. कोणत्या पाखराची शेपटी कशी असते, नाल्यात रात्रीचं काय पाणी प्यायला येतं, बाई घोरतात कशा, आणि ते तिनं करूनही दाखवलं. समोरचा म्हाताराही हसला. सालेकसा गेलं. देवाजी ऐकत होता. वारा गरम होता, पण त्याला तो बरा वाटत होता. आमगावला गाडी थांबली, लोक चढले, लोक उतरले, आणि मग एकदम त्याच्या ध्यानात आलं की दरेकशापासून इथपर्यंत आपण पोरीला पाणी पी म्हणालोच नाही.

"पानी पेलीस का वो?"

समीक्षानं लाल दोरीची बाटली उलटी करून दाखवली. एक थेंबही नव्हता.

"दोनदा पेली. तुमीच नाही पेले आबाजी." ती उठली. "बसा तुमी, मी खाली उतरून भरून आनतो. गाडी थांबते इथं थोडी."

"नोको, नोको, पुढं गुदम्याच्या टेशनावर भरू," देवाजी म्हणाला, आणि तिचा हात धरून तिला परत बसवलं. गाडी निघाली. त्यानं पाय लांब केले, मान मागं टेकवली. पोरगी पुन्हा पाखरांचं सांगू लागली होती. कितीतरी वर्षांनी, नात शेजारी असताना, बोरिंगवाल्या देवाजीचा डोळा लागला.